पुदिन्याचे ट्रफल : चॉकलेटच्या रूपातील दुधाची मिठाई

मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट आणि पुण्याची रविवार पेठ ही घरगुती चॉकलेटे करणाऱ्यांची हक्काची ठिकाणे. राखी पौर्णिमा, दिवाळी आणि नाताळ असे या उद्योगाचे तीन हंगाम असतात. या हंगामांत चॉकलेटच्या स्लॅब, प्लास्टिकचे साचे आणि चकचकीत वेष्टणे यांची येथे मोठी उलाढाल होते. साच्यात ओतून केलेली बदाम-मनुकांची चॉकलेटे आता घरोघरी होतात. त्यांच्या पुढची पायरी म्हणून अनेकजणी ट्रफलकडे वळतात आणि त्यातही पुदिन्याच्या स्वादाच्या ट्रफलला चांगली मागणी असते. मात्र साच्यातले चॉकलेट जमते म्हणून ट्रफलही जमेल, हे गृहीतक बऱ्याचदा महागात पडते. साच्यातले चॉकलेट हा कोरडा पदार्थ आहे आणि तो कपाटात महिनोन् महिने टिकतो. ट्रफलच्या पोटात मात्र दुधाची साय असते. त्यामुळे नात्याने ते चॉकलेटच्या वडीपेक्षा पेढा-कलाकंदाला अधिक जवळचे आहे. साहित्याच्या निवडीपासून विक्रीपर्यंतचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

ट्रफल हे मूळचे एका कवकाचे नाव. फ्रान्स आणि इटलीच्या जंगलांत ओक वृक्षांच्या मुळांशी, जमिनीखाली हे काळपट, खडबडीत गोळे सापडतात आणि ते सोन्याच्या मोलाने विकले जातात. कोको पावडरीत घोळवलेला चॉकलेटचा ओबडधोबड गोळा मातीने माखलेल्या या कवकासारखा दिसतो, म्हणून मिठाईलाही तेच नाव पडले. फ्रान्समधील शाम्बेरी गावच्या लुई दुफूर या हलवायाने १८९५ च्या नाताळात ती प्रथम केली, असे सांगतात. चॉकलेटला पुदिन्याची जोड लोकप्रिय झाली ती विसाव्या शतकात. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या यॉर्क गावी १९४० मध्ये ‘यॉर्क पेपरमिंट पॅटी’ बाजारात आली, तर इंग्लंडमधील यॉर्क शहरातल्या राउनट्री कंपनीने १९६२ मध्ये ‘आफ्टर एट’ या पातळ वड्या आणल्या. दोन्ही गावांचे नाव एकच.

कंपाउंड की चॉकलेट?

ट्रफलचा गाभा म्हणजे गनाश. गरम साय आणि चॉकलेट यांच्या एकजीव मिश्रणाला हे फ्रेंच नाव आहे. त्यात घटक दोनच असल्याने दोन्हींचा दर्जा लपत नाही.

घरगुती उद्योगात सर्रास वापरली जाणारी स्लॅब बहुधा ‘कंपाउंड’ची असते. खऱ्या चॉकलेटमध्ये कोकोच्या बियांतून निघणारे कोको बटर असते. कंपाउंडमध्ये त्याऐवजी पामसारख्या वनस्पतींची घट्ट केलेली चरबी आणि सोबत कोको पावडर असते. कोको बटर ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली वितळते. जिभेवर ठेवताच चॉकलेट विरघळते त्याचे कारण हेच. कंपाउंड आपल्या उन्हाळ्यात तग धरते, साच्यातून सहज सुटते आणि त्यावर तापमानाचे नाजूक संस्कारही करावे लागत नाहीत. शिवाय ते स्वस्त असते. कोकोच्या दराने २०२४ मध्ये उच्चांक गाठला आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात तो टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हा छोट्या उत्पादकांना कंपाउंडचा मोह पडला असल्यास नवल नाही.

साच्यातील चॉकलेटांना कंपाउंड चालून जाते. ट्रफलला ते चालत नाही. सायीत मिसळल्यावर त्याचा मेणचटपणा अधिकच जाणवतो आणि टाळूवर एक थर रेंगाळतो. पुदिन्याचा ताजा, हलका स्वाद या थराखाली दबून जातो. तो वर यावा म्हणून मग इसेन्सचे आणखी थेंब पडतात आणि अखेरीस ट्रफलला दंतमंजनाची चव येते. म्हणून स्लॅब घेताना वेष्टणावरील घटकांची यादी वाचावी. चरबी म्हणून केवळ कोको बटरचा उल्लेख असेल तर ते चॉकलेट. वनस्पती चरबीचा उल्लेख आधी असेल तर ते कंपाउंड. ट्रफलसाठी ५० ते ६० टक्के कोको असलेले डार्क चॉकलेट सर्वांत सोयीचे. ७० टक्क्यांच्या चॉकलेटमध्ये कोको बटर जास्त असल्याने नवशिक्याच्या हातून गनाश फाटण्याची शक्यता वाढते.

सायीचे गणित

परदेशी पाककृती जशीच्या तशी उतरवून घेणाऱ्यांचे ट्रफल हमखास सैल होतात. दोष त्यांच्या हाताचा नसतो. युरोप-अमेरिकेतील पुस्तकांत दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम असे प्रमाण दिलेले असते आणि तेथील क्रीममध्ये ३५ टक्के किंवा त्याहून अधिक स्निग्धांश असतो. आपल्याकडे पाकिटात मिळणाऱ्या ‘फ्रेश क्रीम’मध्ये तो साधारण २५ टक्के असतो. उरलेल्यात बहुतांश पाणीच. म्हणजे १०० ग्रॅम क्रीममागे सुमारे नऊ ग्रॅम पाणी अधिक जाते आणि एवढे पाणी गोळा वळण्यास अडथळा आणायला पुरेसे असते.

यावर उपाय सोपा आहे. क्रीम कमी करून स्निग्धांशाची तूट बिनमिठाच्या लोण्याने भरून काढावी. २०० ग्रॅम डार्क चॉकलेटसाठी ८० ग्रॅम फ्रेश क्रीम आणि १५ ग्रॅम लोणी घेतल्यास क्रीम व लोणी यांचा मिळून स्निग्धांश ३४ टक्क्यांच्या आसपास जातो. एवढ्या साहित्यात मोठ्या सुपारीच्या आकाराचे २२ ते २४ ट्रफल होतात. घरच्या दुधावरची साय वापरण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. तिच्यातील स्निग्धांश रोज बदलतो, तिच्यात गुठळ्या राहतात, आणि चार दिवस साठवलेल्या सायीला आलेला आंबूसपणा चॉकलेटमध्येही लपत नाही.

पुदिना कोणता?

मराठी घरांत ‘पेपरमिंट’ हा शब्द वनस्पतीच्या आधी किराणा दुकानातल्या काचेच्या बरणीतून आला. पांढऱ्या गोळीचा तो गार, झणका स्वाद मनात ठेवून कोणी बाजारातून पुदिन्याची जुडी आणली आणि तिचे ट्रफल केले, तर निराशा ठरलेली. चटणीसाठी मिळणारा पुदिना बहुतेक वेळा स्पिअरमिंट या जातीचा असतो. त्याचा गंध कार्व्होन नावाच्या द्रव्याचा असतो आणि त्यात मेन्थॉल जवळजवळ नसते. गारवा देते ते मेन्थॉल. पेपरमिंट ही स्पिअरमिंट आणि पाणपुदिना यांच्या संकरातून झालेली वेगळी वनस्पती असून तिच्या तेलात मेन्थॉल भरपूर असते. तिसरी जात जपानी पुदिन्याची. उत्तर प्रदेशातील बाराबंकी, रामपूर, संभल या पट्ट्यात ‘मेंथा’ म्हणून तिचीच शेती होते आणि तिच्या तेलाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. या तेलात ७० ते ८० टक्के मेन्थॉल असते. पानवाले ज्याला पिपरमिंट म्हणतात, ते स्फटिक यातूनच निघतात.

मेन्थॉलचा हा गारवा तसा खरा नसतो. तोंडाचे तापमान त्याने कमी होत नाही. थंडीची जाणीव मेंदूला कळवणारे जे ग्राहक चेतातंतूंवर असतात, त्यांनाच मेन्थॉल चाळवते. मिरचीने भाजल्याचा भास व्हावा, तसाच हा प्रकार. मेन्थॉलच्या साहाय्याने हा ग्राहक शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या संशोधकांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहकांवरील त्यांच्या कामाचा हा एक भाग होता. चॉकलेटशी पुदिन्याचे जमते त्याचे एक कारणही येथे सापडते. कोको बटर वितळताना जिभेची थोडी उष्णता शोषून घेते आणि स्वतःच किंचित गार लागते. मेन्थॉल त्या गारव्यात भर घालते.

घरी दोन्हींचा मेळ घालणे उत्तम. गंधासाठी ताजी पाने आणि गारव्यासाठी पेपरमिंट तेलाचे मोजके थेंब. हे तेल खाद्यपदार्थांसाठी म्हणून विकले जाणारेच असावे. सुगंधोपचाराची किंवा औषधी चोळण्याची तेले स्वयंपाकघरात आणू नयेत. वरील प्रमाणाला दोन थेंब पुरतात. चव घेऊन फार तर तिसरा घालावा, पण बाटलीतून थेट कधीही ओतू नये. थेंब आधी चमच्यात घ्यावा, कारण बाटलीचे तोंड दगा देते आणि पडलेला थेंब परत काढता येत नाही. मेन्थॉलचे स्फटिक वापरूच नयेत. ते इतके तीव्र असतात की घरगुती काट्यावर त्यांची योग्य मात्रा मोजता येत नाही, आणि तीव्र मेन्थॉल लहान मुलांच्या श्वसनाला त्रासदायक ठरू शकते. ट्रफलचा डबा घरात उघडला की पहिला हात मुलांचाच पडतो, हे येथे विसरून चालणार नाही.

आणखी एक चूक वारंवार दिसते. पाने बारीक चिरून किंवा वाटून थेट गनाशमध्ये घातली जातात. ती काळी पडतात, दाताखाली चोथा येतो, आणि त्यांच्यासोबत आलेले पाणी ट्रफलचे आयुष्य कमी करते. स्वाद पानांचा हवा, पण पाने नकोत. यासाठी ती सायीत मुरवून गाळावी लागतात.

कृती

१५ ग्रॅम पुदिन्याची पाने (साधारण दोन मुठी) देठ काढून, दोन-तीन पाण्यांतून धुऊन, कापडावर पूर्ण कोरडी करावीत. १०० ग्रॅम क्रीम मंद आचेवर ठेवून कडेला बुडबुडे दिसू लागताच उतरवावे. पाने हाताने हलकेच चुरगाळून त्यात टाकावीत आणि झाकण ठेवून २० ते ३० मिनिटे मुरू द्यावीत. त्याहून अधिक वेळ ठेवल्यास गवताचा वास उतरू लागतो. नंतर क्रीम बारीक गाळणीतून गाळावे. पाने चमच्याने फार तर हलकी दाबावीत. पिळून काढल्यास हिरवा कडूपणाही सोबत येतो. काही क्रीम पानांना लागून वाया जाते, म्हणूनच सुरुवातीला २० ग्रॅम अधिक घ्यायचे. गाळलेले क्रीम वजन करून ८० ग्रॅम भरावे, कमी पडल्यास साधे क्रीम घालावे.

चॉकलेट सुरीने हरभऱ्याच्या दाण्याएवढे चिरून कोरड्या भांड्यात घ्यावे. भांडे कोरडे असणे ही अट येथे अक्षरशः पाळावी. वितळत्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन-चार थेंब किंवा वाफ गेली तरी त्यातील साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि चॉकलेटचा रेताड गोळा होतो. पिठीसाखरेच्या डब्यात ओला चमचा गेल्यावर होते तसेच. मग साय तरी कशी चालते, असा प्रश्न पडेल. थेंबभर पाणी घातक असते, पण भरपूर पाण्यात साखर विरघळून जाते आणि स्निग्धांशाचे बारीक कण त्या पाण्यात तरंगत राहतात. गनाश म्हणजे असे तरंगते मिश्रण होय. दुधाची घडणही अशीच असते.

गाळलेले क्रीम पुन्हा उकळीपर्यंत आणावे आणि चॉकलेटवर ओतून मिनिटभर तसेच ठेवावे. मग मध्यभागापासून लहान वर्तुळात ढवळण्यास सुरुवात करावी. आधी मिश्रण बिघडल्यासारखे दिसते, पण धीर सोडू नये. मध्यभागी चकाकी येऊ लागली की वर्तुळ हळूहळू मोठे करावे. रवी किंवा मिक्सर नको, कारण त्याने हवा शिरते. मिश्रण कोमट झाल्यावर मऊ लोणी आणि त्यानंतर पेपरमिंट तेल घालावे. तेल उडून जाणारे असल्याने ते शेवटी घालायचे.

आमटी-रश्श्यावर तेल सुटले की सुगरणीला समाधान वाटते. गनाशवर ते सुटले की समजावे, मिश्रण फाटले. क्रीम फार तापलेले असणे, ढवळण्याची घाई किंवा चॉकलेटचे अधिक प्रमाण ही त्याची नेहमीची कारणे. फाटलेले गनाश टाकून मात्र देऊ नये. कोमट दूध चमचा-चमचा घालून एका कोपऱ्यातून ढवळत गेल्यास ते बहुधा पुन्हा जुळून येते. दोन-तीन चमच्यांहून अधिक दूध लागले तर गोळे वळण्याचा नाद सोडावा आणि त्याचा केकवर लावायला उपयोग करावा.

तयार गनाश उथळ ताटलीत ओतून त्याच्या पृष्ठभागाला चिकटेल असा पातळ प्लास्टिकचा कागद झाकावा आणि पूर्ण निवल्यावर दोन तास शीतकपाटात ठेवावे. नंतर चमच्याने १२-१२ ग्रॅमचे भाग काढून वळावेत. लाडू वळण्याची सवय येथे उपयोगाची नाही. लाडवाला तळहाताची ऊब हवी असते, ट्रफलला ती अजिबात सोसत नाही. हात बर्फाच्या पाण्यात बुडवून कोरडे करावेत, तळव्याला कोको पावडर लावावी आणि दोन-तीन फेऱ्यांत काम उरकावे. आकार वेडावाकडा झाला तर बिघडत नाही. ज्या कवकाचे नाव घेतले तेही गोल नसते. वळलेले गोळे बिनसाखरेच्या कोको पावडरीत घोळवले की ट्रफल तयार झाले.

वर चॉकलेटचे कडक कवच हवे असेल तर चॉकलेटवर तापमानाचे संस्कार करावे लागतात. त्याला टेंपरिंग म्हणतात. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांवर वितळवून २७-२८ अंशांपर्यंत उतरवायचे आणि पुन्हा ३१-३२ अंशांवर आणायचे. असे केल्यानेच कोको बटरचे स्फटिक योग्य घडणीचे होतात आणि कवचाला चकाकी व खुटकन् तुटण्याचा गुण येतो. तापमापकाशिवाय हे काम अंदाजाने करू नये. मुंबईच्या दमट हवेत आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात वातानुकूलित खोलीशिवाय ते जवळपास अशक्यच. पहिल्या खेपेला कोको पावडरच पुरे.

टिकणे आणि विकणे

साखरेच्या पाकात मुरलेला मोरंबा वर्षभर टिकतो, कारण त्यातील पाणी साखरेने बांधलेले असते. जिवाणूंना आणि बुरशीला वाढायला मोकळे पाणी लागते. कारखान्यात बनलेल्या ट्रफलमध्ये ग्लुकोज, इन्व्हर्ट साखर, सॉर्बिटॉल असे पदार्थ घालून हे मोकळे पाणी कमी केले जाते, म्हणून ते ट्रफल काही महिने टिकतात. वरील पद्धतीने केलेल्या घरगुती ट्रफलला हे संरक्षण नसते. वर कोको असला तरी आत साय आहे आणि ती पुदिन्याच्या पानांच्या संपर्कात आलेली आहे. असे ट्रफल बंद डब्यात, शीतकपाटात ठेवून पाच ते सात दिवसांत संपवावेत. आंबूस वास आला, ओलसरपणा सुटला किंवा ठिपका दिसला तर चव घेऊन पाहण्याच्या फंदात पडू नये.

शीतकपाटातून काढलेला डबा लगेच उघडणे हीदेखील चूक. थंड ट्रफलवर हवेतील बाष्प जमते, कोको पावडर चिखलासारखी होते आणि चॉकलेटचे कवच असेल तर त्यावर साखरेचे पांढुरके डाग उमटतात. झाकण बंद ठेवून २० मिनिटे थांबावे. चवही तोवर खुलते, कारण गारठलेल्या चॉकलेटला स्वाद नसतो.

घरच्यांसाठी एवढी काळजी पुरते. ऑर्डरी घेणाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ घरातून चालणाऱ्या खाद्योद्योगालाही लागू असून विक्रीसाठी नोंदणी आणि तिचा १४ अंकी क्रमांक आवश्यक असतो. मिठायांच्या बाबतीत अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईवरही ती कधीपर्यंत खाण्यायोग्य आहे, हे दर्शवणे दुकानांना बंधनकारक केले. कलाकंद त्याच दिवशी, दुधाच्या आणि बंगाली मिठाया दोन दिवसांत, खव्याच्या चार दिवसांत, असे मार्गदर्शनही प्राधिकरणाने केले होते. ट्रफल या यादीत नाही. पण सायीच्या ट्रफलला साच्यातल्या चॉकलेटसारखी तीन महिन्यांची मुदत लावून विकणे ही ग्राहकाची फसवणूक तर आहेच, शिवाय ते धोक्याचेही आहे. डब्यावर बनवल्याची तारीख, शेवटची तारीख, ‘शीतकपाटात ठेवावे’ ही सूचना आणि दूध व सोया हे घटक स्पष्ट लिहावेत. सोया आपण घातलेला नसला तरी स्लॅबमधील लेसिथिनमधून तो येतो आणि ज्यांना त्याचे वावडे आहे त्यांना हे कळणे आवश्यक असते. कंपाउंड वापरले असेल तर तेही लपवू नये.

परगावच्या ऑर्डरींचा मोह डिसेंबर-जानेवारीपुरता ठेवावा. त्या दिवसांतही ट्रफल बर्फाच्या पिशव्यांसह जाड थर्माकोलच्या डब्यात, एका रात्रीत पोहोचेल अशा अंतरावरच पाठवावेत आणि ग्राहकाला डबा कधी पोहोचेल ते आधी कळवावे, म्हणजे तो दिवसभर कोणाच्या दाराशी उन्हात पडून राहणार नाही.